इजिप्त २०११ : 'फेसबुक क्रांती' हे नाव कितपत खरं?

ओसरीवरून

२०११ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कैरोच्या तहरीर चौकात १८ दिवसांचा लढा झाला आणि ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक यांची जवळपास तीस वर्षांची सत्ता गेली. तेव्हापासून आपल्याकडची वर्तमानपत्रं आणि वाहिन्या या उठावाला 'फेसबुक क्रांती' म्हणत आल्या आहेत. पुढे हाँगकाँग, बेलारूस, म्यानमार, २०२४ मध्ये बांगलादेश, कुठेही माणसं रस्त्यावर आली की हाच शिक्का मारला जातो.

मला तो शिक्का पटत नाही. इजिप्तची लोकसंख्या तेव्हा आठ कोटींच्या वर आणि फेसबुकवर माणसं साधारण पन्नास लाख. त्यातही २८ जानेवारीला, म्हणजे सगळ्यात जास्त माणसं मारली गेली त्या दिवशी, देशात इंटरनेट जवळपास पूर्ण बंद होतं. फेसबुक बंद असताना फेसबुक क्रांती कशी होते?

तेव्हा प्रश्न असा: नेमकं कोणतं काम फेसबुकने केलं आणि कोणतं काम दुसऱ्या कशाने झालं? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी तपशिलात लिहावं. गाडी आपल्याकडच्या पक्षीय राजकारणावर नेऊ नये ही विनंती.

खडूफळा

चांगला विषय. वाचतोय.

शुभदा_के

ओसरीवरून, तुम्ही गोष्ट २५ जानेवारीपासून सुरू केलीत म्हणून फेसबुक लहान दिसतंय. सात-आठ महिने मागे जा.

६ जून २०१० ला अलेक्झांड्रियात खालेद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला दोन पोलिसांनी सायबर कॅफेतून ओढून बाहेर नेलं आणि मारून टाकलं. सरकारी म्हणणं असं की गांजाची पुडी गिळताना गुदमरून गेला. घरच्यांनी शवागारात मोबाइलवर काढलेला फोटो बाहेर आला: जबडा मोडलेला, चेहरा ओळखू येत नाही असा. त्याच्या शेजारी त्याचाच राखाडी हुडी घातलेला हसरा फोटो ठेवला की पोलिसांच्या खुलाशाला उत्तर द्यायची गरजच उरत नव्हती. 'आपण सगळे खालेद सईद' हे पान त्यातून उभं राहिलं. चालवणारा वाएल घोनिम दुबईत गुगलमध्ये नोकरीला होता, आणि त्याने नाव लपवलं होतं.

त्या पानावर काय लिहिलं जायचं ते महत्त्वाचं आहे. 'मुबारक हटाव' तिथे सुरुवातीला नव्हतंच. भाषा घरगुती, कैरोच्या बोलीतली; 'मी' म्हणून जणू खालेदच बोलतोय अशी. सभासदांना विचारलं जायचं, पुढे काय करूया? त्यातून मूक उभं राहण्याची कल्पना निघाली. काळे कपडे घालायचे, समुद्राकडे किंवा नाईलकडे तोंड करायचं, रस्त्याकडे पाठ. तासभर. घोषणा नाही, फलक नाही. दोघांमध्ये अंतर ठेवायचं, कारण १९१४ च्या जमाव कायद्याप्रमाणे पाच माणसं एकत्र आली की पोलीस उचलू शकत. हातात कुराण किंवा बायबल घेऊन वाचत उभं राहायचं. पोलिसांना यात पकडायला काही सापडेना.

यातून झालं काय, तर कधीही मोर्चाला न गेलेली हजारो मुलंमुली एकदा तरी घराबाहेर येऊन उभी राहिली आणि सुखरूप परत गेली. पक्ष आणि संघटनांना वर्षानुवर्षं हे जमलं नव्हतं. २५ जानेवारीचं आवाहन याच पानाने केलं. ती तारीख त्यांच्याकडच्या पोलीस दिनाची, हेही जाणूनबुजून.

नाईलकाठ

शुभदाताई, या तयारीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण २५ तारखेला चौक जिंकला तो फेसबुकवर *न लिहिलेल्या* जागेमुळे.

आयोजकांनी २० ठिकाणं जाहीर केली. पान पोलीसही वाचत होते, त्यामुळे त्या २० ठिकाणी सकाळपासून दंगलविरोधी दलाच्या गाड्या लागल्या. एकविसावं ठिकाण कुठेच लिहिलं नव्हतं. ते होतं बुलाक अल-दकरूर या कामगार वस्तीतलं हायिस नावाचं मिठाईचं दुकान. ते का निवडलं? समोर फरसबंद मोकळी जागा, दुकान सगळ्यांना माहीत, पत्ता सांगावा लागत नाही. आधी छोट्या तुकड्या तिथे जाऊन पाहणी करून आल्या, चालायला किती वेळ लागतो तो मोजला. दुपारी शे-दोनशे माणसं तिथे जमली, गल्ल्यांतून फिरत वाढत गेली आणि मुख्य रस्त्यावर आली तेव्हा हजारोंच्या घरात होती. पोलीस बाकीच्या २० जागांवर अडकलेले. हा मोर्चा तहरीरला पोचला.

गल्ल्यांतून फिरण्यात खुबी होती. मोठ्या रस्त्यावर ५० माणसं दिसली तर ती ५० च दिसतात. आठ-दहा फुटांच्या गल्लीत तीच ५० गल्ली भरून टाकतात, आवाज वर चौथ्या मजल्यापर्यंत जातो, बाल्कनीतल्या माणसाला वाटतं सगळी वस्तीच निघाली. घोषणाही वस्तीप्रमाणे: तिथे महागाई, पगार, भाकरी. इजिप्शियन बोलीत भाकरीला 'ऐश' म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ जगणं. 'ऐश, हुर्रेया, अदाला इगतेमाइया', म्हणजे भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. 'ऐश' पहिला होता.

त्याच सुमारास २६ पानांची एक पुस्तिका हातोहात फिरली: काय घालावं, अश्रुधुरापासून कसं वाचावं, पोलिसांशी कसं बोलावं. तिच्यात बजावलेलं होतं की ही फक्त ईमेलने किंवा झेरॉक्स काढून वाटा. फेसबुक आणि ट्विटरवर टाकू नका, तिथे पाळत आहे.

रानजाई

मिठाईचं दुकान निवडलं हे फार आवडलं. गावात नवा माणूस आला तरी 'चौकातल्या मिठाईवाल्यापाशी ये' म्हटलं की येतोच.

आणखी एक ऐकलेलं आहे: टॅक्सीत बसून मुद्दाम मोठ्याने फोनवर '२५ ला अमुक ठिकाणी, कोणाला सांगू नकोस' असं बोलायचं म्हणे. टॅक्सीवाला दिवसभरात प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार. खरं आहे का?

नाईलकाठ

हो रानजाई, '६ एप्रिल चळवळ' या तरुणांच्या गटातल्या लोकांनी हे नंतर स्वतःच सांगितलं आहे. गुपित म्हणून कानावर पडलेली गोष्ट माणूस जास्त सांगतो. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांच्यापर्यंत तारीख पोचवायचा हा फुकटचा मार्ग होता.

बिनतारी

इंटरनेट कसं बंद केलं यावर लिहितो, कारण 'एक बटण दाबलं' असं सर्रास छापलं जातं आणि ते चूक आहे.

आधी २५ ला ट्विटर अडवलं, मग फेसबुक. ते झालं नेहमीचं अडवणं. प्रॉक्सी किंवा व्हीपीएन लावलं की उघडत होतं. २७ आणि २८ च्या मधल्या रात्री जे झालं ते वेगळं. प्रत्येक इंटरनेट कंपनीचा राउटर बाहेरच्या जगाला सतत सांगत असतो की 'हे हे पत्ते माझ्याकडे आहेत, इकडून या'. या दवंडीच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात. त्या रात्री या दवंड्या मागे घेतल्या गेल्या. कैरोच्या घड्याळात १२:१२ ला टेलिकॉम इजिप्त, मिनिटभरात राया (ही व्होडाफोनची), १२:१७ ला लिंक, १२:१९ ला एतिसलात, १२:२५ ला इंटरनेट इजिप्त. साधारण ३,५०० मार्ग जगाच्या नकाशावरून गेले. वेळेतलं हे अंतर बघा. एका बटणाने सगळे एकाच सेकंदाला जातात. इथे एकेका कंपनीला फोन गेला आणि त्यांच्या माणसांनी आपापल्या हाताने बंद केलं असंच दिसतं.

हे इतकं सोपं का गेलं? कंपन्या मोजक्या. देशाबाहेर जाणारी वाट प्रामुख्याने टेलिकॉम इजिप्तच्या हातात. आणि २००३ च्या दूरसंचार कायद्यात सरकारला जाळं ताब्यात घ्यायची मुभा, म्हणजे नाही म्हणणाऱ्या कंपनीचा परवाना जाणार. नूर नावाची एक छोटी कंपनी ३१ पर्यंत चालू राहिली. शेअर बाजाराची जोडणी तिच्याकडे होती. काही दिवस लोक नूरची जोडणी असलेल्या घरी जाऊन, वायफायचा पासवर्ड काढून टाकून शेजाऱ्यांना वापरू देत होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी हातही न लावता सोडली: इजिप्तच्या जमिनीवरून *पलीकडे* जाणाऱ्या केबल. मुंबईत उतरणारी सी-मी-वी-४ सुएझ ते अलेक्झांड्रिया अशी इजिप्तमधूनच युरोपकडे जाते. ती चालू होती. म्हणजे कैरोतल्या माणसाला ईमेल पाठवता येत नव्हतं, पण मुंबईहून युरोपला निघालेलं त्याच्या पायाखालून जाऊ शकत होतं.

२८ ला मोबाइलवर बोलणंही बंद, २९ ला ते परत आलं. इंटरनेट २ फेब्रुवारीला आलं. लोकांचे एसएमएस त्यानंतरही काही दिवस बंदच. पण त्याच काळात सरकारचे एसएमएस कंपन्यांना ग्राहकांच्या फोनवर पाठवायला लावले. व्होडाफोनने याबद्दल नंतर जाहीर निषेध नोंदवला.

गणपुले

बिनतारी, उत्तम प्रतिसाद. दोन शंका. एक, त्या पाच दिवसांत बाहेर बातम्या कशा जात होत्या? दोन, बंद केल्याचा सरकारला फायदा झाला की तोटा?

बिनतारी

पहिली शंका घेतो.

लँडलाइन चालू होत्या. जुना ५६ के मोडेम आणि परदेशातला डायल-अप नंबर असला की जोडणी होत होती. फ्रान्समधल्या एफडीएन या इंटरनेट देणाऱ्या ना-नफा संस्थेने पॅरिसचा नंबर खुला केला. वापरकर्ता 'तोतो' आणि पासवर्डही 'तोतो', म्हणजे फोनवर सांगायला सोपा. अडचणी मात्र बऱ्याच. आंतरराष्ट्रीय कॉलचा दर पडतो. नव्या लॅपटॉपमध्ये मोडेम नसतो. वेग प्रत्यक्षात सेकंदाला ४-५ किलोबाइट, म्हणजे ५ एमबीच्या व्हिडिओला १७ ते २१ मिनिटं, आणि मध्ये लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. मजकूर जाई, एखादा फोटो लहान करून जाई. व्हिडिओचा नाद सोडावा लागे.

म्हणून गुगल आणि ट्विटरने मिळून फोन नंबर दिले: फोन करा, बोला, ठेवा, आवाजाची फाइल आपोआप ट्विटरवर चढते. पुढे स्वयंसेवक अरबीचं भाषांतर करत. आणि व्हिडिओ? कॅमेऱ्यातलं कार्ड पत्रकाराच्या किंवा विमानतळावर निघालेल्या माणसाच्या खिशातून.

नाईलकाठ

दुसऱ्या शंकेबद्दल. माझं मत ठाम आहे: बंद करणं सरकारच्या अंगाशी आलं. २७ पर्यंत घरात बसून स्क्रीनवर बघणारे लाखो लोक होते. २८ ला स्क्रीन काळी, मोबाइल मुका. मुलगा कुठे आहे हे कळायला आईला खाली उतरावंच लागलं. तहरीरला काय चाललंय हे कळायला तहरीरकडे जावं लागलं. आणि ज्यांना तहरीर लांब त्यांनी आपापल्या चौकात मोर्चे काढले. एकाच जागी डोळा ठेवणारं पोलीस दल शहरभर विखुरलं गेलं. नविद हसनपूर या अभ्यासकाने नेमकं हेच मांडलं, की जोडणी तुटल्यावर आंदोलन विकेंद्रित झालं आणि आवरायला अवघड गेलं.

शुक्रवार होता हे विसरू नका. दुपारच्या नमाजला हजारो मशिदींत माणसं एका वेळी जमतात आणि एकाच वेळी बाहेर पडतात. त्यासाठी कोणतंही ॲप लागत नाही. तहरीरकडे जाणाऱ्या कस्र अल-नील पुलावर त्या दुपारी पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर झेलत लोक तासन्‌तास मागेपुढे होत राहिले. पुढे उभे राहणाऱ्यांत अल-अहली आणि झमालेक या फुटबॉल संघांचे 'अल्ट्राज' चाहते होते. पोलिसांशी मैदानात कित्येक वर्षं भिडलेले, नळकांडं कसं परतवायचं आणि मागे हटताना रांग कशी मोडू द्यायची नाही हे अंगवळणी पडलेले.

पागोळी

सगळे टीव्ही विसरलात. फेसबुकवरचा व्हिडिओ कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत पोचला तो अल जझीरावरून. ट्युनिशियातही तेच. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बुझिदला मोहम्मद बुअझिझीने स्वतःला पेटवून घेतलं, त्यानंतरच्या निदर्शनांचे मोबाइलवरचे व्हिडिओ फेसबुकवर आले, तिथून वाहिनीने उचलले, आणि वाहिनीवरून ते फेसबुक नसलेल्या घरात गेले. मुबारक सरकारला हे कळत होतं. म्हणून तर ३० जानेवारीला वाहिनीचं कैरो कार्यालय बंद केलं आणि नाईलसॅट या इजिप्तच्या उपग्रहावरून काढून टाकलं.

शुभदा_के

+१ पागोळी. मोबाइल, मग फेसबुक, मग उपग्रह वाहिनी आणि शेवटी चहाचं दुकान. यातली मधली कडी काढून बघा, बाकी साखळी तुटते.

तळटीप

चर्चा चांगली चालली आहे, पण कामगार कुठेच दिसत नाहीत म्हणून लिहितो.

'६ एप्रिल' हे नावच महल्ला अल-कुब्रा येथील सूतगिरणी कामगारांच्या ६ एप्रिल २००८ च्या नियोजित संपावरून आले आहे. तेथील मोठा संप डिसेंबर २००६ चा. फेसबुकचे अरबी रूप आले मार्च २००९ मध्ये. म्हणजे आधी संप, मग त्याला पाठिंबा म्हणून शहरी तरुणांचा फेसबुक गट, असा क्रम आहे. त्या गटात सुमारे ७०,००० सभासद झाले. पण कैरोत त्या दिवशी फारसे काही घडले नाही, आणि महल्लात मात्र पोलिसांशी दोन दिवस चकमकी झाल्या. सभासदसंख्या आणि रस्त्यावर येणारी माणसे यांतील अंतर त्यांना २००८ मध्येच कळले होते. २०११ ची तयारी त्या धड्यावर उभी आहे.

शेवटच्या आठवड्यातही तसेच. चौकात माणसे बसली होती, पण सरकार हलत नव्हते. ८ फेब्रुवारीपासून संपांची लाट आली: सुएझ कालव्याच्या सेवा कंपन्या, कापड गिरण्या, कैरोतील बसचालक. तीन दिवसांत मुबारक गेले. लष्कराचे स्वतःचे कारखाने आणि व्यवसाय आहेत हे ध्यानात घेतले तर संपाची धग कोणाला लागली ते समजते.

मुसाफिर७

तळटीप यांच्या मुद्द्याला जोडून आकडे. तहरीरमधल्या सुमारे हजार आंदोलकांचं सर्वेक्षण झेनेप तुफेकी आणि ख्रिस्तोफर विल्सन यांनी प्रसिद्ध केलं. निदर्शनांची बातमी पहिल्यांदा कुठून कळली? जवळपास निम्म्यांना समोरासमोर बोलण्यातून. फेसबुकवरून २८ टक्क्यांना. ट्विटरवरून अगदी नगण्य.

हे सर्वेक्षण ओळखीतून ओळख असं केलेलं आहे, सरसकट नमुना नाही, तेव्हा दशांशाला चिकटून बसू नये. पण निम्मे लोक तोंडी आणि पाव लोक फेसबुकवरून, हे चित्र वर नाईलकाठ आणि शुभदा दोघंही जे सांगताहेत त्याच्याशी जुळतं. चौकात आधी पोचलेल्यांत सोशल मीडिया वापरणारे जास्त होते, हेही त्याच पाहणीत आहे.

खडूफळा

म्हणजे पहिली काडी ओढणारे फेसबुकवरचे आणि वणवा तोंडी. आता पटलं.

शुभदा_के

वणव्यानंतरचं एक उदाहरण द्यायचं आहे, कारण 'सोशल मीडिया म्हणजे फक्त आवाहन' असा समज होतोय.

नोव्हेंबर २०११. मुबारक जाऊन नऊ महिने झालेले, सत्ता लष्करी परिषदेकडे. तहरीरशेजारच्या मोहम्मद महमूद रस्त्यावर अनेक दिवस धुमश्चक्री चालू होती. फुटपाथवर, मशिदीत, चर्चमध्ये तात्पुरते दवाखाने उभे राहिले. एकीकडे सलाइन संपलेलं, तर शंभर मीटरवर दुसरीकडे खोकीच्या खोकी पडलेली. 'तहरीर सप्लाइज' नावाचं ट्विटर खातं चार-पाच तरुणांनी सुरू केलं, त्यातले काही तर देशाबाहेर बसलेले.

पद्धत साधी. प्रत्येक दवाखान्यातल्या एका माणसाचा फोन नंबर. ऑनलाइन तक्ता: दवाखाना, काय हवं, किती हवं, शेवटचं कधी विचारलं. मग ट्विट. 'औषधं हवीत' असं मोघम लिहिलं की घरातली डोकेदुखीची गोळी येते. वस्तूचं नाव, संख्या, कोणत्या दारातून यायचं आणि वेळ, हे चारही लागतं. सगळ्यात मोठा घोळ होतो जुन्या ट्विटचा: गरज दुपारी भागली तरी लोक रात्रीपर्यंत तेच पुढे ढकलत राहतात आणि दहापट माल येऊन पडतो. म्हणून वेळ मजकुरातच लिहायची, गरज भागली की मूळ ट्विट काढायचं आणि 'मिळालं, थांबा' असं वेगळं टाकायचं.

बिनतारी

याला जोडून पुरावा म्हणून व्हिडिओ कसा घ्यावा, कारण निम्मे व्हिडिओ नंतर न्यायालयात किंवा वृत्तसंस्थेत कुचकामी ठरतात. सुरुवातीला तारीख, वेळ आणि जागा तोंडाने बोलायची. कॅमेरा सावकाश फिरवून ओळखीची इमारत, मिनार, दुकानाची पाटी घ्यायची. सीरियात लोक हातात तारीख लिहिलेला कागद धरत. मध्ये थांबवायचं नाही, तुकडे जोडायचे नाहीत, वर गाणं तर मुळीच नाही. मूळ फाइल तशीच जपायची, कारण फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर चढवताना आतली माहिती पुसली जाते आणि चित्र दाबलं जातं. आंदोलकांचे चेहरे मूळ प्रतीत असू द्यावेत, बाहेर देण्याच्या प्रतीत धूसर करावेत. नुसती पातळ धूसर पट्टी पुरत नाही, कपडे आणि चप्पल यांवरून माणूस ओळखला जातो. शक्यतो पाठमोरं घ्यावं.

गणपुले

आता दुसरी बाजू. ११ फेब्रुवारीनंतर काय झालं तेही याच धाग्यात यायला हवं.

१९ मार्च २०११ ला घटनादुरुस्तीवर सार्वमत झालं. तहरीरचे तरुण गट 'नाही' म्हणा सांगत होते, फेसबुकवर वारा 'नाही'चाच होता. निकाल: ७७ टक्के 'होय'. गल्लीगल्लीत माणूस असलेली संघटना होती मुस्लिम ब्रदरहूड. पानाला लाखो सभासद असले तरी मतदान केंद्राबाहेर उभा राहणारा कार्यकर्ता पानातून निघत नाही.

आणि सत्ताधारी शिकले. लष्करी परिषद आपली क्रमांक घातलेली निवेदनं फेसबुकवरच टाकू लागली. २०१७ च्या मे महिन्यात संकेतस्थळं अडवायला सुरुवात झाली. २०१८ च्या कायद्याने ५,००० पेक्षा जास्त अनुयायी असलेलं खातं म्हणजे प्रसारमाध्यम, आणि त्याला 'खोट्या बातमी'ची कलमं लागू. सप्टेंबर २०१९ ला मोहम्मद अली या कंत्राटदाराने स्पेनमधून व्हिडिओ टाकले, छोटी निदर्शनं झाली. त्यानंतर कैरोच्या रस्त्यात माणसांना थांबवून फोन उघडायला लावून फेसबुक तपासलं गेलं आणि हजारोंना अटक झाली. ब्लॉगर आणि कार्यकर्ते आला अब्द अल-फत्ताह यांना डिसेंबर २०२१ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली ती एक फेसबुक पोस्ट पुढे पाठवल्याबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये माफी मिळाली तेव्हा ते सुटले. एका शेअरची ही किंमत आहे, आणि ती वाचताना माझा संताप होतो.

मुसाफिर७

फेसबुक स्वतःही तटस्थ नव्हतं. नोव्हेंबर २०१० मध्ये, त्यांच्या संसदीय निवडणुकीच्या तोंडावर, 'आपण सगळे खालेद सईद' पान कंपनीनेच काही काळ बंद केलं होतं. कारण चालवणारा खऱ्या नावाने नव्हता. हुकूमशाहीत खरं नाव म्हणजे तुरुंग, आणि कंपनीचा नियम खऱ्या नावाचा. अमेरिकेत राहणाऱ्या एका इजिप्शियन बाईंनी आपलं खरं नाव पुढे केलं तेव्हा ते परत आलं. बाहेर राहणाऱ्या माणसाने मदत करायची तर ती अशी.

बिनतारी

खऱ्या ओळखीच्या मुद्द्यावर हाँगकाँग २०१९. तिथे टेलिग्रामवर हजारो सभासदांचे गट होते, नाव टोपण, नंबर लपवलेला. पण त्यात भोक होतं. कोणी ओळीने हजारो मोबाइल नंबर आपल्या फोनच्या वहीत भरले आणि गटात शिरला, तर वहीतला नंबर आणि गटातलं टोपणनाव यांची जोडी लागत होती. तिथे शक्य असलेले नंबर मोजून संपतील इतकेच. ऑगस्टमध्ये हे उघडकीस आलं, मग टेलिग्रामने नवी सोय दिली. म्हणून 'कूटबद्ध ॲप आहे, निर्धास्त बोला' हे अर्धवट आहे. मजकूर कुलपात असतो. कोण कोणाशी कधी बोललं ते बहुतेक वेळा कुलपात नसतं. आणि गटात पाचशे माणसं असतील तर कुलूप कशाला फोडायचं, पाचशे एकावा होऊन आत यायचं.

पागोळी

अवांतर, पण आपल्या जवळचं. १९४२ ची काँग्रेस रेडिओ आठवा. २७ ऑगस्टला मुंबईतून ४२.३४ मीटरवर पहिलं प्रक्षेपण, उषा मेहता आणि त्यांचे सहकारी. लहरी पकडत फिरणाऱ्या पोलिसांच्या गाड्या टाळण्यासाठी प्रक्षेपक या घरातून त्या घरात हलवत राहिले. तरी १२ नोव्हेंबरला गिरगावात पकडले गेले, कारण त्यांच्यातल्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितलं. बिनतारींच्या 'पाचशे एकाव्या'वरून हेच आठवलं.

रानजाई

पागोळी, हे अवांतर अजिबात नाही. यावर स्वतंत्र धागा काढा ना.

ओसरीवरून

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस एकेक प्रतिसाद दोनदा वाचतोय.

माझं मूळ मत मी बदलतो, निदान अर्धं. पन्नास लाखांचा आकडा देऊन मी फेसबुकला बाजूला सारलं होतं. शुभदाताईंनी सांगितलेलं समुद्राकडे तोंड करून उभं राहणं आणि पागोळींची साखळी वाचल्यावर तसं म्हणवत नाही. पण 'फेसबुक क्रांती' हे नाव अजूनही खुपतं, कारण त्यात महल्लाचे कामगार, कस्र अल-नील पुलावरची पोरं आणि त्या १८ दिवसांत गेलेली किमान ८४६ माणसं मावत नाहीत. तेव्हा शीर्षकातलं प्रश्नचिन्ह तसंच ठेवतो.

एक शेवटचं विचारतो. हे सगळं साहित्य, ते पान, ते व्हिडिओ, आज कुठे आहे? पुसलं गेलं का?

शुभदा_के

सगळं नाही. मोसिरीन नावाच्या कैरोतल्या गटाने चौकात तंबू टाकून लोकांची मेमरी कार्डं उतरवून घेतली होती. ते चित्रण त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये इंटरनेटवर खुलं केलं: ८५८ तासांचं, न कापलेलं. संग्रहाचं नावच '८५८'.

आणि 'आपण सगळे खालेद सईद' या पानावरची शेवटची नोंद ३ जुलै २०१३ ची आहे. त्या संध्याकाळी लष्कराने निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. त्यानंतर पान चालवणाऱ्यांनी तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही.